धुणीभांडी आणि इंजिनिअरिंग

"आपण इंजिनिअर व्हायला आलोय राव, भांडी घासायला नाही!"

आमच्या वर्कशॉपमध्ये हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं. खोटं कशाला बोलू, दोन-तीनदा मीही म्हटलंय. जॉब झाला, व्हर्नियर लावून झालं, सरांची सही मिळाली, की ऑइलने बरबटलेलं सगळं तसंच टाकून आपण कँटीनच्या दिशेने पळतो. मागे साफ करायला मामा आहेतच. एका पसरट डब्यात डिझेल, हातात केस झडलेला ब्रश, आणि ग्लोव्ह्ज? ते फक्त भिंतीवरच्या सेफ्टी चार्टमध्ये! मामांनी काय वापरावं, कसं वापरावं, त्याने त्यांच्या हातांचं काय होतं, हा प्रश्न आपल्या सिलॅबसमध्ये नाही. असो.

मागच्या वर्षी मात्र या 'भांडी घासण्या'ने आमची चांगलीच जिरवली. आमच्या टीमने एका जुन्या बाईकचं इंजिन घेऊन गाडी बनवायला घेतली होती. इंजिन बरेच महिने पडून राहिलेलं. किक मारून मारून पाय दुखले, पण आयडलिंगला काही थांबेना. निदान अगदी बरोबर झालं होतं: कार्ब्युरेटरचा पायलट जेट चोंदलाय. पेट्रोल उडून गेल्यावर मागे राळेसारखा चिकट थर राहतो, तो त्या बारीक भोकात बसला होता. आमच्यातल्या एका हुशाराने (नाव सांगत नाही, तो हे वाचणार आहे) क्लचच्या केबलमधली एक तार तोडली, जेटमध्ये घातली आणि गोल फिरवली. भोक मोकळं! टाळ्या! इंजिन चालू झालं खरं, पण मागून काळा धूर, प्लग काजळीने माखलेला, आणि पेट्रोल पाण्यासारखं जातंय. शेवटी कार्ब्युरेटर पिशवीत घालून गावातल्या एका गॅरेजमध्ये गेलो. काकांनी जेट उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून पाहिलं आणि विचारलं, "तार कोणी घातली रे?"

पितळेचा जेट मऊ. त्याचं भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. स्टीलच्या तारेने ते ओरबाडून मोठं झालं होतं. व्यास १० टक्के वाढला तर क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं, हे गणित आम्ही फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मार्कांसाठी कितीतरी वेळा सोडवलं होतं. जेटच्या वेळी ते कोणालाच आठवलं नाही. काकांनी नवीन जेट काढून ठेवला आणि बाकीचा कार्ब्युरेटर सुटा करून, जाळीच्या टोपलीत घालून एका छोट्या स्टीलच्या टाकीत सोडला. बटण दाबलं. कढईत भजी सोडल्यावर येतो तसा चर्रर्र आवाज आला, आणि प्रत्येक भोकातून मळाचे काळसर लोट पाण्यात उतरू लागले. दहा-पंधरा मिनिटांत काम खलास. ना ब्रश, ना तार.

आणि गंमत पुढेच आहे. तशीच टाकी आपल्या कॉलेजात आहे! लॅबच्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकचं कव्हर घालून, अंगावर डेड स्टॉकचा नंबर रंगवून ठेवलेली. इन्स्पेक्शन असलं की कव्हर निघतं, इन्स्पेक्शन झालं की परत चढतं. अल्ट्रासॉनिक क्लीनिंग बाथ तिचं नाव.

माझं म्हणणं सरळ आहे. सफाई हे हलकं काम असं आपण मनात ठरवून टाकलंय, त्यामुळे त्यात डोकंही लावावं लागतं हे आपल्याला सुचतच नाही. आणि ज्या कामात डोकं लावत नाही ते काम आपण वाईटच करतो, मग हाताशी कितीही चांगलं मशीन असो. ही टाकी नीट समजून घेतली तर सफाई हे किती कठीण इंजिनिअरिंग आहे ते कळतं. म्हणून आज तिच्याबद्दलच लिहायचं ठरवलं.

आधी जरा घरी जाऊ. मोरीत भांडी घासणाऱ्या आईकडे कधी नीट पाहिलंय? करपलेलं पातेलं ती लगेच घासत नाही, गरम पाणी घालून रात्रभर तसंच ठेवते. तांब्याचा तांब्या चिंचेने घासते, कारण आम्लात तांब्यावरचा काळा थर विरघळतो. तेलकट कढईला साबण किंवा सोडा लागतो. आजी सोन्याचे दागिने रिठ्याच्या पाण्यात भिजवायची, कारण रिठ्याला फेस येतो, म्हणजेच तो पाण्याचं पृष्ठताण कमी करतो. हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये हेच सूत्ररूपात मांडलं: कुठलीही सफाई चार गोष्टींवर चालते, रसायन, तापमान, वेळ आणि यांत्रिक जोर. एक कमी केली तर बाकीच्यांनी ती भरून काढायची. आईला सिनर माहीत नाही, पण चारही बटणं तिला बरोबर फिरवता येतात.

अडचण येते ती चौथ्या गोष्टीची. यांत्रिक जोर म्हणजे घासणं, आणि घासायला हात पोचला पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरच्या जेटमध्ये, दाताच्या डॉक्टरांच्या ड्रिलच्या खाचांमध्ये, घड्याळाच्या गिअरच्या दात्यांमध्ये कुठला ब्रश जाणार? पाणी मात्र सगळीकडे जातं. मग त्या पाण्यालाच घासायला लावलं तर? अल्ट्रासॉनिक बाथ नेमकं हेच करतो.

टाकीच्या तळाला बाहेरून ट्रान्सड्यूसर चिकटवलेले असतात. त्यांच्या पोटात पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिकच्या चकत्या असतात. दाब दिला की काही स्फटिकांवर विद्युतभार येतो, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. याच्या उलटही होतं: व्होल्टेज दिलं की स्फटिक किंचित लांबतो किंवा आखडतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लांजव्हॅन या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्वार्ट्झचे तुकडे दोन पोलादी पट्ट्यांच्या मध्ये बसवून पाण्यात अल्ट्रासाउंड सोडलं. आजच्या टाकीखालचा ट्रान्सड्यूसर हा त्याच सँडविचचा वंशज. फक्त क्वार्ट्झच्या जागी आता बहुतेक ठिकाणी पीझेडटी नावाचं सिरॅमिक असतं, आणि सगळं एका बोल्टने घट्ट आवळलेलं असतं. आवळायचं का? कारण सिरॅमिक दाब सोसतं, पण ताणलं की तडकतं. म्हणून आधीच इतकं दाबून ठेवायचं की कंप पावतानाही ते ताणात जाऊ नये. सिव्हिलवाल्यांनो, तुमचं प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट ते हेच!

भिंतीतून ५० हर्ट्झची वीज येते, आतलं सर्किट ती साधारण ४० किलोहर्ट्झची करून चकत्यांना देतं. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, त्यामुळे मूळ आवाज आपल्या कानाबाहेरचाच. मग तो चर्रर्र आवाज कुठला? तो पाण्यात फुटणाऱ्या बुडबुड्यांचा. आणि खरी करामत त्या बुडबुड्यांचीच आहे.

ध्वनी म्हणजे दाब वाढणं आणि कमी होणं. ४० किलोहर्ट्झला हे चक्र २५ मायक्रोसेकंदांत पूर्ण होतं. दाब कमी होण्याच्या अर्ध्या चक्रात पाणी अक्षरशः ओढलं जातं. या ओढीने पाण्यातल्या सूक्ष्म वायुकणांपासून बुडबुडे तयार होतात, काही चक्रांत फुगतात, आणि मग दाबाच्या एका तडाख्यात कोसळतात. फुटतात म्हणण्यापेक्षा आत कोसळतात हेच बरोबर. कोसळताना आतला वायू इतका झटक्यात दाबला जातो की तिथलं तापमान क्षणभर काही हजार अंशांवर आणि दाब शेकडो वातावरणांवर जातो. बुडबुडा इतका लहान आणि क्षण इतका छोटा की बाजूच्या पाण्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

बुडबुडा एखाद्या पृष्ठभागाच्या जवळ असला तर तो सगळीकडून सारखा कोसळत नाही. पृष्ठभागाच्या बाजूने पाणी यायला अडथळा, समोरच्या बाजूने मोकळं. मग समोरच्या बाजूचं पाणी बुडबुड्याला आरपार भेदून पृष्ठभागावर आदळतं. या बारीक धारेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर! शिवाय बुडबुडे जन्माला येतात ते बहुधा खाचांमध्ये आणि मळाच्या कणांवरच, कारण वायू तिथेच अडकलेला असतो. म्हणजे जिथे घाण, तिथेच हातोडा.

आता मेकॅनिकलवाल्यांना शंका आली असेल: अरे, हे तर कॅव्हिटेशन! बरोबर. पंपाचा इंपेलर खाणारं, टर्बाइनच्या पात्यांना खड्डे पाडणारं, व्हायवाला एक्स्टर्नल हमखास विचारतात ते. जहाजांच्या प्रोपेलरची पाती का कुरतडली जातात हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाजत होता. पाण्यात पोकळी कोसळताना किती दाब निर्माण होतो याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं. पुस्तकात आपण कॅव्हिटेशन वाचतो ते शत्रू म्हणून. हा शत्रू मापात ठेवला तर कामाला जुंपता येतो, हे १९५० च्या दशकापासून बाजारात आलेल्या या टाक्यांनी दाखवलं. आणि मापात ठेवणं याचंच नाव इंजिनिअरिंग ना?

माप ठेवायचं पहिलं साधन म्हणजे फ्रीक्वेन्सी. ती कमी तर बुडबुडा मोठा आणि तडाखा जोरदार. ती जास्त तर बुडबुडे लहान, संख्येने जास्त आणि हात हलका. पाण्यातल्या बुडबुड्याची अनुनादी त्रिज्या २० किलोहर्ट्झला दीडशे मायक्रॉनच्या आसपास, तर ४० ला त्याच्या निम्मी. म्हणून इंजिनच्या जाडजूड भागांना २५ च्या जवळपास, सर्वसाधारण कामाला ४०, आणि नाजूक वस्तूंना ८० किंवा त्याहून जास्त. सिलिकॉनच्या वेफर धुताना तर मेगाहर्ट्झच्या घरात जातात. तिथे जोर नकोच असतो, नाहीतर धुळीबरोबर सर्किटही जायचं!

दुसरं साधन तापमान. गरम पाण्यात मळ लवकर सुटतो म्हणून पाणी उकळत ठेवावं असं वाटेल. पण उकळीजवळ बुडबुड्यात वाफ भरते, ती उशीसारखी काम करते आणि तडाखा मऊ पडतो. पाण्यासाठी साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअस हा पट्टा चांगला. मात्र रक्त लागलेली सर्जरीची हत्यारं असतील तर पाणी ४५ अंशांच्या खालीच ठेवतात, कारण जास्त उष्णतेने रक्तातली प्रथिनं गोठून धातूला घट्ट चिकटतात. अंडं उकडल्यावर काय होतं ते आठवा.

तिसरी गोष्ट कोणीच पाळत नाही. नळाचं ताजं पाणी भरलं की त्यात हवा विरघळलेली असते. ती बुडबुड्यात शिरून पुन्हा उशीचंच काम करते. म्हणून नवीन पाणी भरल्यावर वस्तू न टाकता मशीन दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालवायचं असतं. हवेचे मोठे बुडबुडे वर येऊन निघून जातात, मग खरं काम सुरू होतं. आपल्याकडे काय होतं? पाणी भरलं, वस्तू टाकली, दोन मिनिटांनी काढली, आणि "काही कामाचं नाही हे मशीन" म्हणून कव्हर घातलं!

रसायनाचंही तसंच. तेल-ग्रीसला अल्कली, गंज आणि क्षाराला सौम्य आम्ल, रक्ताला एन्झाइम, आणि सगळ्याबरोबर पृष्ठताण कमी करणारा थोडा डिटर्जंट. आंधळेपणाने कडक अल्कली घालून अ‍ॅल्युमिनियमचा भाग टाकला तर तो काळा पडून बाहेर येतो. पातेल्यात सोडा उकळल्यावर पातेलं काळं पडतं, तोच प्रकार.

ही टाकी लागते कुठे, हे पाहिलं तर आपलं सगळं जग तिच्यावर चाललंय असं वाटेल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्टर आला, ज्याची भोकं जेटपेक्षाही बारीक. त्यामुळे कालपर्यंत ब्रश आणि पेट्रोलवर भागवणाऱ्या गॅरेजवाल्यांनाही आता ही टाकी ठेवावी लागते. चष्म्याच्या दुकानात फ्रेम धुवायला, सराफाकडे पॉलिशचा लगदा काढायला, घड्याळजीकडे, दाताच्या दवाखान्यात, पीसीबीवरचा फ्लक्स काढायला, कॅमेऱ्याच्या लेन्स बनवताना, सगळीकडे ती आहे. फार्मसीवाल्या मित्रांच्या लॅबमध्ये ती धुण्यापेक्षा पावडर विरघळवायला आणि द्रावणातली हवा काढायलाच जास्त वापरली जाते.

यातल्या प्रत्येक ठिकाणी डोकं लावावंच लागतं. आजीची मोत्याची नथ चुकूनही टाकू नका! मोती, पोवळं, ओपल हे नाजूक. पाचूच्या भेगा बऱ्याचदा तेलाने भरलेल्या असतात, ते तेल निघून गेलं की भेगा उघड्या पडतात. ई अँड टीसीवाल्यांनो, घड्याळाचा क्वार्ट्झ क्रिस्टल ३२.७६८ किलोहर्ट्झला कंप पावतो, म्हणजे टाकीच्या फ्रीक्वेन्सीच्या अगदी शेजारी. असे क्रिस्टल आणि मेम्स सेन्सर या टाकीत बिघडू शकतात, त्यामुळे बोर्ड आत टाकण्यापूर्वी डेटाशीट वाचा. आणि दवाखान्यात ही टाकी म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. ती फक्त मळ काढते. त्यानंतर हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये १२१ किंवा १३४ अंशांच्या वाफेत जायलाच हवीत. उलट आधी मळ नीट निघाला नाही तर त्याच्या आड जंतू वाफेतही तगू शकतात. म्हणजे ज्याला आपण 'नुसतं धुणं' म्हणतो त्यावर पेशंटचं इन्फेक्शन अवलंबून आहे.

आता पुन्हा मामांच्या डब्याकडे येतो, कारण माझ्या मते खरा मुद्दा तिथे आहे. धातूवरचं तेल काढायला कारखान्यांनी वर्षानुवर्षं काय काय वापरलं? कार्बन टेट्राक्लोराइड, सीएफसी-११३, ट्रायक्लोरोएथिलीन. कमालीचे गुणी सॉल्व्हंट, क्षणात तेल उतरवणारे. पहिल्या दोघांनी ओझोनचा थर पोखरला. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला, आणि २०१० पर्यंत आपल्याकडेही त्यांचा असा वापर बंद करायचं ठरलं. तिसरं ट्रायक्लोरोएथिलीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्ये ते माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. कारखान्यात ती वाफ कोणाच्या नाकात गेली असेल? डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरच्या नव्हे. पार्ट धुण्याच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या. पाण्यावर चालणारी अल्ट्रासॉनिक टाकी हा या सॉल्व्हंटना मिळालेल्या पर्यायांपैकी एक महत्त्वाचा पर्याय आहे. सिनरच्या भाषेत सांगायचं तर, यांत्रिक जोर वाढवला म्हणून विषारी रसायन कमी करता आलं.

सफाईकडे इंजिनिअरने पाहिलं की हे असं काहीतरी निघतं. नाही पाहिलं की काय होतं तेही आपण पेपरात वाचतोच. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं, तरी मॅनहोलमध्ये गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या थांबत नाहीत. केरळमधल्या तरुण इंजिनिअर्सनी मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' नावाचा रोबो बनवला आणि २०१८ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये तो कामाला लागला. त्याआधी आपल्या देशात इंजिनिअर नव्हते का? लाखांनी होते! पण गटार हे इंजिनिअरचं काम आहे असं फार थोड्यांना वाटलं. कारण ते काम 'त्यांचं', आपलं नाही. ते कोणाचं आणि का, हे आपल्या समाजात कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

काही मित्र म्हणतील, "इतकं काय, ब्रश आणि डिझेलने साफ होत नाही का?" होतं ना! चिखलाने भरलेल्या चेसिसला ही टाकी उपयोगाची नाहीच, तिथे पाण्याचा पाइप आणि ब्रशच बरा. रबर आणि मऊ प्लॅस्टिक ध्वनी गिळून टाकतात, तिथेही तिचा उपयोग बेताचाच. गंजाचा किंवा कार्बनचा जाड थर असेल तर आधी खरवडावंच लागतं. मी टाकीची जाहिरात करत नाहीये. कुठे ब्रश, कुठे टाकी, कुठे चिंच, हे ठरवायला डोकं लागतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप सरांकडून येतो: "मुलं मशीन बिघडवतील." यात तथ्य आहे. पाण्याशिवाय चालू केली तर ट्रान्सड्यूसर तापून खराब होतो. वस्तू थेट तळावर ठेवल्या तर तळ घासला जातो आणि ध्वनीही वर पोचत नाही, म्हणून टोपली लागते. टाकीत पेट्रोल किंवा थिनर ओतणं म्हणजे आगीला आमंत्रण. चालू टाकीत हात घालणं हा तर शुद्ध वेडेपणा, त्या धारा कातडीला ओळखत नाहीत. पण या भीतीने मशीन झाकून ठेवलं तर मुलं शिकणार कधी? बिघडवण्याची भीती लेथलाही आहे, म्हणून लेथला आपण कव्हर घालून ठेवतो का?

उलट या टाकीवर होणारं एक प्रॅक्टिकल इतकं स्वस्त आहे की लाज वाटावी. घरात पोळ्या गुंडाळायला वापरतो ती अ‍ॅल्युमिनियम फॉइल घ्या, सुरकुती पडू न देता टाकीच्या पाण्यात उभी धरा (कडेने धरा, बोटं पाण्याबाहेर), अर्धा मिनिट मशीन चालवा आणि बाहेर काढा. फॉइलवर खळगे आणि भोकं दिसतील. नीट पाहिलं तर बऱ्याचदा ती पट्ट्यापट्ट्यांनी असतात. कारण टाकीत स्थिर तरंग उभे राहतात. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, फ्रीक्वेन्सी ४०,०००, म्हणजे तरंगलांबी साधारण ३७ मिलिमीटर आणि पट्ट्यांमधलं अंतर त्याच्या निम्मं, १९ च्या आसपास. पट्टीने मोजा, जुळतं का पाहा. म्हणजे टाकीत काही जागी जोर जास्त आणि काही जागी जवळपास नाहीच. हे टाळायला चांगल्या मशीनमध्ये फ्रीक्वेन्सी थोडी मागेपुढे हलवत ठेवतात. दर महिन्याला अशी फॉइल काढून जर्नलमध्ये चिकटवली तर कुठला ट्रान्सड्यूसर मेलाय तेही कळेल. वीस पैशांच्या फॉइलमध्ये ध्वनिशास्त्र, फ्लुइड मेकॅनिक्स आणि मेंटेनन्स, तिन्ही!

तेव्हा या पानावरून माझ्या तीन मागण्या. एक, त्या टाकीवरचं कव्हर काढा आणि फॉइलचं प्रॅक्टिकल सुरू करा. दोन, वर्कशॉपमध्ये जॉब ज्याचा त्यानेच साफ करून द्यावा, त्याशिवाय सही नाही. (मला माहितीये, या वाक्यासाठी मला कट्ट्यावर शिव्या पडणार आहेत.) तीन, मामांना चांगले ग्लोव्ह्ज आणि पाण्यावर चालणारं क्लीनर द्या. लहान पार्टसाठी टाकी वापरायची असेल तर ती कशी वापरायची हे त्यांना कोणीतरी नीट शिकवा. मी शिकवायला तयार आहे, खरं तर शिकायलाही. कुठला मळ कशाने निघतो हे मामांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबा कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन अख्खं गाव झाडून काढायचे, त्या महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात झाडू-फडक्याला नाक मुरडलं जातं हे काही बरं नाही. २०००-०१ मध्ये सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा गावोगावच्या लोकांनी हातात झाडू घेतले. आपल्याला तर झाडूही घ्यायचा नाही, फक्त त्यामागचं विज्ञान समजून घ्यायचंय.

आणि हो, त्या हुशार मित्राने आता शपथ घेतलीये की जेटमध्ये पुन्हा तार घालणार नाही. वाकडा झालेला तो जुना जेट त्याने किचेनला लावलाय. भेटलात तर उजेडात धरून बघा, भोक गोल दिसत नाही.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी